कंपवातात अडलेले पाऊल पुन्हा पडू शकते

११ एप्रिल ही महात्मा जोतीराव फुले यांची जयंती. हाच दिवस जगभर कंपवात दिन, म्हणजेच पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त या आजारातील चालण्याविषयी आम्ही थोडे लिहीत आहोत.

कंपवातात मेंदूतील डोपामिन हे रसायन कमी पडते. हात थरथरतो, पावले आखूड होतात. काहींचे पाय दारात, बोळात किंवा वळताना जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. ते नाटक नाही, आळस नाही आणि कुणाची करणी तर नाहीच.

आपोआप चालण्याची मेंदूतील वाट इथे अडते. पण डोळ्यांना किंवा कानांना खूण मिळाली, की पाऊल दुसऱ्या वाटेने उचलले जाते. उदाहरण पुण्याचेच आहे. मिलेहा सोनेजी यांच्या कुटुंबातील एका ज्येष्ठांना सपाट जमिनीवर चालणे अवघड, पण जिना सहज जमे. मिलेहांनी जमिनीवर पायऱ्यांचे चित्र अंथरले आणि ते त्यावरून चालू लागले. २०१५ मध्ये त्यांनी ही गोष्ट टेड व्याख्यानात सांगितली.

आपल्या घरी एवढे करता येईल :

• जिथे पाय अडतात तिथे एकेका पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा. प्रत्येक रेघ ओलांडायला सांगा.

• समता सैनिक दलाच्या संचलनासारखे 'एक-दोन, एक-दोन' मोजा किंवा टाळीचा ठेका द्या.

• पाय अडला तर हात धरून ओढू नका, तोल जाईल. थांबू द्या, सरळ उभे राहू द्या. वजन डावी-उजवीकडे झुलवून मग मोठे पाऊल टाकू द्या.

• वळताना जागेवर गिरकी नको, मोठा वळसा घ्यावा.

• चालताना हातात हंडा, कानाला मोबाईल नको.

• रात्री सार्वजनिक शौचालयाकडे एकटे पाठवू नका. दारातली पायपुसणी आणि वाटेतले सामान हलवा.

गोळ्यांची वेळ चुकवू नका आणि मनाने बंद करू नका. औषधाचा असर असताना व्यायाम चांगला होतो. कोणता व्यायाम करायचा, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. ससून रुग्णालयात हा विभाग आहे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण आणि घरचे एकमेकांना आधार देतात.

ज्यांचे घर दहा बाय दहाचे, त्यांनी चालायचे कुठे? विहार आहे ना! वंदनेनंतर फरशीवर खडूने रेघा ओढा आणि आजोबांना चार फेऱ्या मारू द्या. माणूस स्वतःच्या पायाने विहारात येत राहिला, तर त्याचा स्वाभिमानही टिकतो.