पाठ होत नाही म्हणून शिकता येत नाही?

“या वयात आता काय डोक्यात शिरणार?” साठी ओलांडलेल्या माणसांना एखादा अभ्यासक्रम सुचवला की हे उत्तर ठरलेलं. गंमत अशी, की हे सांगणाऱ्या बाई त्याच महिन्यात नातवाच्या शाळेचं अ‍ॅप, बँकेचं नवं पासबुक मशीन आणि डॉक्टरांनी बदललेल्या गोळ्यांचं वेळापत्रक शिकून मोकळ्या झालेल्या असतात. पण त्याला त्या शिकणं म्हणत नाहीत. शिकणं म्हणजे सनावळ्या, संस्कृतची रूपं आणि प्रश्नोत्तरं घडाघडा म्हणून दाखवणं, असं त्यांच्या शाळेने त्यांना पटवलं होतं. तसं पाठांतर आता जमत नाही, म्हणून डोकं चालत नाही असा निकाल त्यांनी स्वतःच लावून टाकला आहे.

वयानुसार काहीच बदलत नाही, असं मात्र कुणी सांगू नये. माहिती पकडण्याचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू उतरू लागतो. एका वेळी चार गोष्टी मनात धरून ठेवणं जड जातं. नावं जिभेवर येऊन अडतात. पण शब्दसंग्रह? २०१५ मध्ये हार्टशॉर्न आणि जर्मीन या संशोधकांनी हजारो लोकांच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा वेगवेगळ्या क्षमतांचा कळस वेगवेगळ्या वयात येतो असं दिसलं. शब्दज्ञानाचा कळस तर साठीच्या आसपास किंवा त्याही पुढे होता. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, कायदा या विषयांना नेमकं काय लागतं, ते यावरून ताडून पाहावं.

मग “म्हाताऱ्यांना जमत नाही” हे इतकं खरं का वाटतं? कारण आपण आजीची तुलना नातीशी करतो. १९६१च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता सुमारे १५ टक्के होती. त्या काळात वाढलेल्या बाईला सातवीनंतर घरी बसवलं गेलं असेल आणि नात इंजिनिअर असेल, तर चाचणीत दिसणारा फरक वयाचा की शाळेचा? वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलचा दीर्घ अभ्यास सुरू केला, त्यातून हाच घोटाळा सुटला. त्यांनी तीच माणसं दर सात वर्षांनी पुन्हा तपासली. तेव्हा घसरण लोक समजत होते त्यापेक्षा बरीच उशिरा आणि बरीच कमी निघाली. ८१व्या वर्षीसुद्धा, मागच्या सात वर्षांत ठळक घट झालेल्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. पुढे शाय आणि शेरी विलिस यांनी काही ज्येष्ठांना तर्काचं किंवा आकृत्या मनात फिरवून पाहण्याचं थोडक्या तासांचं प्रशिक्षण दिलं. ज्यांची क्षमता घटली होती, त्यांच्यातले सुमारे ४० टक्के लोक १४ वर्षांपूर्वीच्या पातळीवर परतले. हा शोधनिबंध १९८६चा आहे. त्या वेळी जन्मलेली मुलं आज चाळिशीत आहेत आणि आपल्या आईला तेच वाक्य ऐकवताहेत. वर “आता काय कलेक्टर व्हायचंय का?” हेही असतंच.

खास विद्यापीठाबद्दलचा पुरावा हवा असेल, तर ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठाने ५० ते ७९ वयाच्या लोकांना किमान वर्षभर विद्यापीठाचा अभ्यास करायला लावून पाहिलं. त्यांची भाषिक क्षमता सुधारली. स्मरणशक्तीत मात्र तसा फरक दिसला नाही. हे दुसरं वाक्य मुद्दाम लिहितो आहे, कारण उलट्या टोकाचा गैरसमजही तितकाच फोफावला आहे: “शिकत राहिलं की स्मृतिभ्रंश होत नाही.” असं कुणी सिद्ध केलेलं नाही. शिक्षण ही लस नव्हे, आणि विस्मरण झालेल्या माणसाने अभ्यास केला नव्हता म्हणून त्याला ते झालं, असं म्हणणं तर क्रूर आहे.

आणखी एक ठरलेलं उत्तर: “कट्ट्यावर जातो की रोज, तेवढं पुरे.” कट्टा उत्तमच, तो सोडू नये. पण डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साठीपुढच्या लोकांचे गट केले होते. काही जण तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम नव्याने शिकले. एक गट तितकाच वेळ एकत्र जमून गप्पा, सहली, खाणंपिणं यांत रमला. घटना लक्षात ठेवण्याची क्षमता वाढली ती शिकणाऱ्यांची, त्यातही फोटोग्राफीवाल्यांची जास्त. शिवाय वर्गात ओळखी होतात त्या वेगळ्या. कट्ट्यावर सगळे आपल्याच वयाचे आणि बहुधा आपल्याच मताचे असतात. वर्गात शेजारी बावीस वर्षांची मुलगी बसलेली असते, तिला तुमचं मत पटत नाही आणि ती तसं तोंडावर सांगते.

“म्हाताऱ्यांना जमत नाही” या समजुतीला वर्तमानपत्रांनीही खतपाणी घातलं आहे. राजकुमार वैश्य यांनी नव्वदी केव्हाच ओलांडल्यावर, २०१७ मध्ये, नालंदा मुक्त विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम. ए. केलं. बातमी झाली, कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण दर वेळी चमत्कार म्हणून छापलं की वाचणाऱ्या पासष्टीच्या माणसाला वाटतं, हे असामान्यांचं काम. पासष्टाव्या वर्षी बी. ए.ला बसणं यात चमत्कार काय आहे?

आता किरकोळ गैरसमज झटपट. विद्यापीठांना वयाची अट असते: बहुतेक सर्वसाधारण पदव्यांना कमाल वयोमर्यादा नाही, अट पात्रतेची असते, वैद्यकीयच्या ‘नीट’ची मर्यादासुद्धा २०२२ मध्ये उठली. रोज कॉलेजात जावं लागतं: नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इग्नू १९८५ पासून नेमकं हेच टाळण्यासाठी आहे. परीक्षा द्यावीच लागते: ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम फुकट आहेत, परीक्षा आणि तिचं शुल्क प्रमाणपत्र हवं असेल तरच, गोवा विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापकांच्या अध्यासनांची व्याख्यानं बाहेरच्या नागरिकांनाही ऐकता येतात. प्रौढ शिक्षण म्हणजे साक्षरता वर्ग: मुंबई विद्यापीठातल्या या विभागाचं नावच आता आजीवन अध्ययन आणि विस्तार असं आहे. हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ: ज्येष्ठांसाठीचं पहिलं विद्यापीठ १९७३ मध्ये फ्रान्सच्या तुलूझमध्ये निघालं हे खरं, पण रेल्वे आणि क्रिकेटही आपण बाहेरूनच घेतलं.

खरी अडचण सहसा बुद्धीशी संबंधित नसते. अर्जाचा ओटीपी मुलाच्या फोनवर जातो आणि मुलगा ऑफिसात असतो. अभ्यासकेंद्र जुन्या कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तीन तासांच्या पेपरला बाकडं असं, की कंबर उत्तरपत्रिकेच्या आधी संपते. व्याख्यात्याचा आवाज मागच्या रांगेत पोचत नाही आणि श्रवणयंत्र लावायची लाज वाटते. तेव्हा प्रवेश घेण्याआधी केंद्रावर फोन करून चार गोष्टी विचाराव्यात: वर्ग कितव्या मजल्यावर, संपर्कसत्रं रविवारी की इतर दिवशी, परीक्षा त्याच केंद्रात की दुसऱ्या गावात, आणि पुस्तकं छापील मिळणार की फक्त पीडीएफ. अर्जावर मोबाइल नंबर मात्र स्वतःचाच टाकावा.