लाइट आहे की गेली, हे पाच व्होल्टच्या सर्किटला कसं कळवायचं?

पाण्याच्या पंपाचा टायमर किंवा लाइट गेल्याचा अलार्म बनवताना हा प्रश्न हमखास येतो. दोन रेझिस्टर लावून २३० व्होल्ट कमी केले, तर चालेल का? तसं करू नका. व्होल्टेज कमी होईल, पण सर्किट घरच्या वायरिंगला जोडलेलंच राहील. प्लगमध्ये फेज-न्यूट्रल उलटं झालं, की सर्किटचं ग्राउंड, यूएसबी केबल, पुढचा लॅपटॉप, सगळं फेजवर.

यावर उपाय ऑप्टोकपलर. या छोट्या चिपमध्ये एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाशानं चालणारा ट्रान्झिस्टर. मधून जातो तो फक्त उजेड. एसीसाठी पीसी८१४ घ्या. त्यात उलटसुलट जोडलेले दोन एलईडी असतात.

आता हिशोब. २३० व्होल्टचं शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असतं. साधा पाव वॅटचा एकच रेझिस्टर इतकं व्होल्टेज झेलेलच असं नाही. म्हणून ४७ किलोओहमचे, एक वॅटचे दोन रेझिस्टर एकामागे एक लावा. करंट साधारण अडीच मिलिअँपिअर. प्रत्येकात उष्णता ०.३ वॅटहून कमी. फेजच्या वायरवर फ्यूज हवाच. दोन्ही बाजूंत किमान ६ मिलिमीटर अंतर ठेवा, चिपखालून एकही ट्रॅक नेऊ नका आणि सगळं प्लास्टिकच्या बंद डब्यात बसवा.

दुसऱ्या बाजूला ट्रान्झिस्टरचा एमिटर ग्राउंडला, कलेक्टर १० किलोओहममधून पाच व्होल्टला. लाइट असताना कलेक्टर खाली येतो. पण सलग नाही: ५० हर्ट्झला दर सेकंदाला १०० वेळा करंट शून्यावर येतो, तेव्हा एलईडी विझतो. म्हणून प्रोग्रॅमला सांगा, ५० मिलिसेकंदांत एकही पल्स आला नाही, तरच लाइट गेली असं समज.

आता सर्वांत महत्त्वाचं. न्यूट्रल तुटला किंवा फ्यूज उडाला, तरी हे सर्किट 'लाइट नाही' असंच सांगेल, आणि फेजची वायर मात्र जिवंत असेल. संत्री गप्प आहे म्हणून शत्रू नाही, असं फौजेत कुणी धरत नाही. हे सर्किट माहिती देण्यासाठी आहे, वायरला हात लावायची परवानगी देण्यासाठी नाही. हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासा, मग त्या वायरला लावा, आणि पुन्हा चालू पॉइंटवर तपासा. एक मिनिट जातं. तेवढं द्या.