अकरा महिन्यांच्या मिशनला निघताना बॅगेत कोणती पुस्तकं?

(हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेली वाक्यं थोडी सरळ केलीत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय कंपनीच्या बसमध्ये सापडला. निगडीहून चाकणला जाताना तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. शेजारचा मित्र म्हणाला, "राजीनामा टाकला. चर्चच्या टीमबरोबर केनियाला चाललोय, अकरा महिने. वाचायला काय नेऊ?" आणि मग हळूच म्हणाला, "आई आठवडाभर धड बोलत नाहीये रे."

मी ख्रिश्चन नाही. त्यामुळे प्रार्थनेची पुस्तकं सुचवणं माझं काम नाही, आणि बायबल तर तो नेणारच. पण लांबच्या मुक्कामात काय वाचलं जातं, हे मला चुकून शिकायला मिळालंय. ऑनसाइटला सहा महिने गेलो तेव्हा मी प्रोग्रॅमिंगची चार जाडजूड पुस्तकं नेली होती. एकही उघडलं नाही. परक्या गावात संध्याकाळी माणसाला माणसांबद्दल वाचावंसं वाटतं. म्हणून मी त्याला सांगितलं, 'कसं शिकवावं' याची पुस्तकं कमी घे. ज्यांच्याकडे कुणी गेलं आणि ज्यांना मागे ठेवून कुणी गेलं, त्यांची घे. अशी तीन मराठीतच आहेत.

पहिलं, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. याचा पहिला भाग १९३४ मध्ये आला. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासाठी तो श्रद्धेचा प्रवास होता. पण घरात काय झालं? लक्ष्मीबाईंच्या वाट्याला ताटातूट आली, नातेवाइकांचं बोलणं आलं, लहान मुलाची काळजी आली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला, पण स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेला. आणि हे सगळं त्या हसत हसत सांगतात, बरं का. रडगाणं कुठेच नाही. निघणाऱ्याला आपला निर्णय मोठा वाटतो. त्याची किंमत घरात कोण मोजतं, ते इथे दिसतं.

दुसरं, 'क्रिस्तपुराण'. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं पुस्तक छापून झालं १६१६ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी! छपाई रोमन लिपीत, पण भाषा मराठी आणि छंद आपली ओवी. जवळपास ११,००० ओव्या आहेत. मी बसमध्येच हिशेब केला: रोज ३३ वाचल्या तर अकरा महिन्यांत संपतं. जुनी मराठी आहे, पहिले काही दिवस जड जाईल.

चाकणला आपण हे रोज बघतो ना? परदेशातून मशीन बसवायला आलेला जो माणूस ऑपरेटरला मोडक्या मराठीत का होईना "कसं काय?" विचारतो, त्याच्या मदतीला अख्खी लाइन धावते. जो नुसतं मॅन्युअल पुढे करतो, त्याच्यापासून लोक चहाच्या सुट्टीतही लांब बसतात. पण एक गोष्ट विसरायची नाही. स्टीफन्सच्या गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती आणि १५६० पासून इन्क्विझिशनही होतं. भाषेवरचं प्रेम आणि सत्तेचा धाक एकाच ठिकाणी नांदत होते. परक्या देशात पैसा आणि यंत्रं घेऊन जाणाऱ्याने हे दोन्ही लक्षात ठेवून वाचावं.

तिसरं, पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं प्रवासवृत्त, १८८९ चं. इथे दिशा उलटी आहे. इंग्लंडमध्ये १८८३ मध्ये ख्रिस्ती झालेली मराठी बाई १८८६ मध्ये अमेरिकेत जाते आणि तो देश डोळे उघडे ठेवून बघते. तिथल्या बायकांच्या शिक्षणाचं, संस्थांचं कौतुक करते. तिथल्या मूळ रहिवाशांवर आणि काळ्या लोकांवर झालेला अन्यायही लिहिते. आपला धर्म त्याच देशाचा आहे म्हणून डोळेझाक करत नाही. परत येऊन त्यांनी काय उभं केलं ते बघायचं तर पुणे-दौंड मार्गावर केडगावला उतरा, मुक्ती मिशन तिथेच आहे. शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली, सामान्य बायकांना वाचता यावं म्हणून.

चौथी जागा मी मोकळी ठेवायला सांगितली, स्वाहिली शिकवणाऱ्या एखाद्या पातळ पुस्तकासाठी. सुरुवात सोपी आहे: तिथेही चहाला चाय म्हणतात, चपातीला चपाती, आणि मोटारीला गारी. स्थानिक लेखकांची पुस्तकं तिथे पोचल्यावर, तिथल्याच माणसाला विचारून घ्यायची.

म्हणजे २३ किलोंच्या बॅगेत फार तर दोन किलो पुस्तकं. 'क्रिस्तपुराण' फोनवर टाकलं तर त्याहून कमी.

मित्राने सगळं लिहून घेतलं. शेवटी मी म्हटलं, 'स्मृतिचित्रे'च्या दोन प्रती घे. एक बॅगेत टाक, एक आईच्या उशाशी ठेव. फोन करशील तेव्हा "जेवलास का?"च्या पुढे बोलायला काहीतरी असेल. परवा बसमध्ये म्हणाला, आईने चाळीस पानं वाचली, आणि टिळकांवर जाम चिडलीय. पण बोलायला लागलीय.

तुम्ही लांबच्या मुक्कामाला कोणतं पुस्तक नेलं होतं आणि खरंच वाचलं होतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!