एकच फाईल, अनेक प्रकरणे

पुस्तकातले एक प्रकरण संपवून दुसरे काढताना आपण पुस्तक मिटून कपाटात ठेवतो का? अनुक्रमणिका पाहून थेट त्या पानावर जातो. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील ‘पार्टिशन्ड डेटा सेट’ची रचना अशीच आहे. तिच्या भागांना ‘मेंबर’ म्हणतात. सुरुवातीच्या डिरेक्टरीत त्यांची नावे (जास्तीत जास्त ८ अक्षरी) क्रमवार असतात. प्रत्येक नावापुढे तो मेंबर कोणत्या ट्रॅकवर, कितव्या रेकॉर्डपासून सुरू होतो, हा पत्ता असतो.

असेंब्लर प्रोग्रॅममध्ये ‘ओपन’ एकदाच करायचे. ‘फाइंड’ला नाव दिले, की ते डिरेक्टरीत शोधले जाते आणि पुढचे वाचन त्या मेंबरपासून सुरू होते. समजा, दहा मेंबर वाचायचे आहेत. मग ‘बीएलडीएल’ने दहाही पत्ते एकदम मिळवावेत व ‘फाइंड’ला नावाऐवजी पत्ता द्यावा. दर वेळचा शोध वाचतो.

एक पथ्य मात्र पाळावे. आधीचे प्रत्येक ‘रीड’ पुरे झाल्याची ‘चेक’ने खात्री करूनच ‘फाइंड’ द्यावे. वाचन चालू असतानाच जागा हलवली, तर हाती आलेल्या मजकुराचा भरवसा काय?