वारीनंतरची सेवा आणि स्वयंसेवकाचे आरोग्य

आषाढी पौर्णिमेचा गोपाळकाला झाला की पालख्या परतीच्या वाटेला लागतात आणि पंढरपूर हळूहळू रिकामे होते. माणसे जातात, कचरा मात्र मागे राहतो. चंद्रभागेचे वाळवंट, नदीपलीकडचा ६५ एकरांचा तळ आणि पालखीमार्गावरच्या मुक्कामाच्या जागा येथे पत्रावळी, द्रोण, पाण्याच्या बाटल्या, भिजलेले कपडे, तुटक्या चपला आणि उरलेले अन्न यांचे ढीग पडलेले असतात. नगरपालिकेचे सफाई कामगार रात्रंदिवस राबतात. त्यांच्या जोडीला महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, तरुण मंडळे आणि भजनी मंडळेही खराटा हाती घेतात.

अशा पथकांबरोबर डॉक्टर म्हणून जाण्याची संधी मला काही वेळा मिळाली. तेथे माझ्याकडे येणारे रुग्ण साधारणपणे एकाच प्रकारचे असतात. कोणाचा तळवा काचेने कापलेला असतो, कोणाच्या डोळ्यांत भुकटी उडालेली असते, तर कोणाला उपाशीपोटी राबल्यामुळे घेरी आलेली असते. यावर लगेच उपचार करता येतात. खरी काळजी वाटते ती नंतर उद्भवणाऱ्या आजारांची. तो ताप स्वयंसेवक आपल्या गावी पोहोचल्यावर आठ-दहा दिवसांनी येतो, आणि तोवर सफाईची गोष्ट तो विसरूनही गेलेला असतो. म्हणून मी प्रत्येक पथकाला सांगतो, सेवा एका दिवसाची असली तरी तिची आठवण महिनाभर ठेवा.

उंदीर, चिखल आणि ताप

आषाढ म्हणजे पावसाचे दिवस. उष्ट्या अन्नावर उंदीर आणि कुत्री येतात, जवळपास गुरेही हिंडतात. या प्राण्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू चिखलात आणि साचलेल्या पाण्यात मिसळतात. पायाला जखम असेल, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील किंवा घाण पाणी डोळ्यांत उडाले, तर हे जंतू शरीरात शिरतात. २००५ साली २६ जुलैला मुंबईत महापूर आला, त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ पसरली होती. तिचे कारण हेच होते.

जंतू शिरल्यानंतर बहुधा ५ ते १४ दिवसांत, तर क्वचित महिन्याभराने आजार दिसू लागतो. एकाएकी थंडी वाजून ताप येतो, डोके ठणकते, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. पुढे कावीळ होऊ शकते, लघवी कमी होऊ शकते आणि जीव धोक्यात येऊ शकतो. वेळीच योग्य प्रतिजैविक दिले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. परंतु डॉक्टरांना ही शंका यायला हवी, आणि ती येण्यासाठी रुग्णाने एक वाक्य सांगायला हवे : ‘मी अमुक दिवशी कचरा उचलला होता.’ हे न सांगितल्यास साधा ताप समजून पहिले मोलाचे दिवस वाया जाऊ शकतात.

हा आजार टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. मात्र त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनी त्या परस्पर घेऊ नयेत.

जाण्यापूर्वीची तयारी

धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवून पाहा. प्राथमिक मात्रा पूर्ण झालेल्या व्यक्तीला दर १० वर्षांनी एक मात्रा पुरते. परंतु मळलेली जखम झाली आणि आधीच्या मात्रेला ५ वर्षे उलटली असतील, तर पुन्हा लस घ्यावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मिळते. वरचेवर हे काम करणाऱ्यांनी ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या लसीच्या तीनही मात्रा पूर्ण कराव्यात. त्यांना सहा महिने लागतात, तेव्हा आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

पायांत गमबूट किंवा निदान बंद जाड बूट असावेत. सेवाभावाने अनवाणी उतरणारे अनेकजण भेटतात. त्यांच्या श्रद्धेचा मान राखूनही सांगावेसे वाटते की काचेला आणि खिळ्याला भाविक ओळखता येत नाही. हातांत जाड रबरी मोजे घालावेत. दवाखान्यातले पातळ मोजे येथे टिकत नाहीत. ज्याच्या पायाला उघडी जखम आहे, त्याने पाणी वाटणे, पिशव्या मोजणे अशी कामे घ्यावीत. तीही सेवाच आहे. मधुमेहाच्या रुग्णांनी पायांची विशेष काळजी घ्यावी, कारण त्यांना जखम झाल्याचे कळतेच असे नाही.

काम करताना

सुका कचरा झाडण्यापूर्वी पाण्याचा हलका शिडकावा करावा. त्यामुळे धूळ उडत नाही आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होत नाही. भरलेली पिशवी छातीशी धरू नये आणि हाताने दाबून त्यात आणखी कचरा कोंबू नये. आत काच किंवा सुई असू शकते. पाणी साचलेले पेले आणि द्रोण उपडे करून गोळा करावेत. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात.

कचरा पेटवू नये. प्लास्टिक आणि थर्माकोलचा धूर विषारी असतो, आणि तो सर्वांत आधी पेटवणाऱ्याच्याच छातीत जातो.

इंजेक्शनची सुई दिसल्यास तिला बोटांनी उचलू नये. चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकावी. सुई टोचलीच तर जखम पिळू नये, तोंडाने चोखू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्हीच्या संसर्गापासून बचाव करणारी औषधे जितक्या लवकर सुरू होतील तितकी बरी, आणि ती ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हवीत.

मानवी मैल्याला स्वयंसेवकाने हात लावू नये. एखाद्याला हाताने मैला साफ करायला लावण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ते काम यंत्राचे आहे, तेव्हा नगरपालिकेला कळवावे.

पांढऱ्या रेघेचा भ्रम

सफाई झाली की कडेने पांढऱ्या भुकटीच्या रेघा मारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. जागा नीटनेटकी दिसते, पण तेवढ्याने जंतू मरत नाहीत. ब्लिचिंग पावडरमधील क्लोरीन घाणीशी संयोग पावून आपली शक्ती गमावून बसते. म्हणून आधी कचरा उचलावा, जागा धुवावी आणि मगच पावडरीचे द्रावण शिंपडावे. ताज्या पावडरीचे ३० ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळल्यास सुमारे एक टक्का क्लोरीनचे द्रावण होते. ते उघड्या हवेत, मोजे घालून तयार करावे. त्यात ॲसिड किंवा दुसरे फिनेल-साबण काहीही मिसळू नये. ॲसिडशी संयोग झाल्यास घातक वायू बाहेर पडतो.

घरी परतल्यावर

चहा, बिस्किटे, तंबाखू यांपैकी काहीही तोंडात टाकण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. नुसते सॅनिटायझर चिखलाने माखलेल्या हातांवर नीट काम करत नाही. कपडे वेगळे धुवावेत, स्नान करावे आणि पायांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. मग दिनदर्शिकेवर त्या तारखेभोवती एक खूण करावी. पुढील महिनाभरात ताप, कावीळ, जुलाब यांपैकी काही झाले तर ती खूण डॉक्टरांना सांगावी. जबडा आवळला जात असेल तर तो धनुर्वात असू शकतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात जावे.

पंढरीची वारी हे फक्त उदाहरण झाले. आपल्या गावची जत्रा, उरूस किंवा गणेश विसर्जनानंतरचा नदीचा घाट, सर्वत्र हीच काळजी घ्यावी लागते. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडत. त्यांचा खराटा आज अनेक तरुण हात उचलत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. फलक आणि टोप्यांवर खर्च करण्याआधी बूट आणि मोजे आणा, आणि तुमच्यासाठी आणाल तेव्हा शेजारी रोज हेच काम करणाऱ्या सफाई कामगाराच्या पायांत बूट आहेत का, तेही पाहा. तुम्ही एक दिवस ज्या धोक्यात उतरता, त्यात तो वर्षभर उभा असतो.