उतरायला एवढीशी जागा

विमानवाहू नौका विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती (२००१ ते २०१२), तेव्हा डेकवर पाऊल ठेवणाऱ्या शाळकरी पोरांच्या तोंडून पहिला उद्गार निघायचा तो ‘केवढं मोठं!’ खोटं नव्हतं ते. दोनशे तेरा मीटर लांबी म्हणजे पायी चालणाऱ्याला मैदानच. पण तेच डेक अरबी समुद्रावर आकाशातून केवढं दिसतं, आणि त्यावर जेट घेऊन उतरताना माणसाचं काय होतं, हे तिथल्या गप्प उभ्या विमानांकडे बघून कळणं अवघड होतं.

लढाऊ जेट म्हटलं की आपण वेगाबद्दल विचारतो. वैमानिकाला मात्र वेग फारसा जाणवतच नाही. उंचावर, निरभ्र आकाशात ताशी नऊशे किलोमीटरने जाणाऱ्या माणसाला आपण जागच्या जागी लटकलोय असंच वाटतं. ढग जवळ आला किंवा विमान लाटांना लागून गेलं, तरच वेग दिसतो. अंगाला कळतो तो वेगातला बदल. जोराच्या वळणात सहा ‘जी’ आले, तर सत्तर किलोचा माणूस चारशे वीस किलोचा होतो. हात उचलवत नाही, गाल खाली ओढले जातात, रक्त पायांकडे धावतं. डोळ्यांपुढचे रंग आधी फिके होतात, मग कडेचं दिसेनासं होतं. त्यावर जी-सूट हवेने फुगून मांड्या आणि पोट आवळतो, आणि वैमानिक स्वतःही पोटऱ्या-पोट ताठ करून, श्वास अडवत थोडा थोडा घेत राहतो. चित्रपटातला नायक हे करताना बोलतो. खऱ्याखुऱ्या वैमानिकाला तेवढी फुरसत नसते.

विक्रांतवर पहिली पिढी आली ती ब्रिटिश बनावटीच्या सी हॉकची. एक इंजिन, एक माणूस, चार तोफा. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी या डेकवर उतरले. पुढे ते नौदलप्रमुख झाले. १९६१ च्याच नोव्हेंबरात जहाज मुंबईला आलं. डेकवरून निघताना वाफेचा कॅटपल्ट विमानाला अक्षरशः भिरकावून देई. वैमानिकाने डोकं मागे टेकवायचं, थ्रॉटल घट्ट धरायचा आणि धक्क्याने स्टिक मागे ओढली जाणार नाही याची काळजी घ्यायची. डेक संपलं की खाली पाणी. विमान उडण्याइतका वेग मिळाला की नाही, ते त्याच क्षणी ठरायचं.

तरी निघणं सोपंच म्हणायचं. परतताना जहाज पुढे जात असतं, वर-खाली होत असतं आणि उतरण्याची पट्टी डावीकडे तिरपी असते. डेकच्या कडेला आरसा. त्यातला प्रकाशाचा ठिपका दोन्ही बाजूंच्या हिरव्या दिव्यांच्या रेषेत धरायचा. ठिपका वर गेला तर विमान उंच, खाली गेला तर बुडतंय. ठिपका, पट्टीची रेघ, वेग. नजर या तिघांत फिरत राहते. मग शेपटीखालचा हुक आडव्या तारांपैकी एकीला अडकतो आणि पट्ट्यांमध्ये बांधलेलं शरीर पुढे फेकलं जातं. हुक चुकला तर? तिरप्या पट्टीवरून पुन्हा हवेत झेपावायचं. म्हणून चाकं टेकताना इंजिन पूर्ण जोरात हवं. थांबायच्या क्षणी निघून जाण्याची तयारी ठेवायची, हे मनाला पटायला वेळ लागत असणार.

या सगळ्याला समोरून वारा लागतो, आणि तो वाढवायचा तर जहाजाला वेग हवा. १९७१ च्या युद्धात नेमकी तिथेच अडचण होती. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले. तो बंद ठेवून, कमी वेगाने जहाज बंगालच्या उपसागरात गेलं. ४ डिसेंबरला लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली सी हॉकनी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ला चढवला. गुप्तांना महावीरचक्र मिळालं. वैमानिकांच्या शौर्यकथांत बॉयलरखान्याला दोन ओळीही मिळत नाहीत, हे मला नेहमी खटकतं. वाफ पुरली नाही तर ना कॅटपल्ट, ना वारा.

डिसेंबर १९८३ मध्ये सी हॅरिअर आलं आणि खेळ उलटला. सी हॉकचा वैमानिक उतरून थांबायचा, हॅरिअरचा थांबून उतरायचा. इंजिनाची चार तोंडं खाली वळवली की विमान जहाजाच्या बाजूला हवेत उभं राहतं, जहाजाच्याच वेगाने सरकत. मग आडवं डेकवर यायचं आणि सरळ खाली. डाव्या हाताला थ्रॉटल आणि तोंडं फिरवणारा दांडा शेजारी-शेजारी. चुकीचा ओढला तर सुधारायला वेळ नाही. काचेसमोर एक चिमुकली वाऱ्याची पट्टी असे, नाक वाऱ्याकडे आहे ना ते दाखवायला. इतक्या महागड्या यंत्रात हा साधासा तुकडा मला फार आवडतो. आपल्याकडच्या उकाड्यात हवा विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो. म्हणून उतरताना इंजिनात पाणी सोडत, ते साधारण दीड मिनिट पुरे. तेवढ्यात खाली यायचं.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. संग्रहालय चालवणं झेपेना. भंगाराच्या लिलावात ती गेली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये दारूखान्यात, रे रोडच्या त्या गंजक्या किनाऱ्यावर, गॅसकटर चालू झाले. तिच्या लोखंडाचा काही भाग बजाजच्या मोटारसायकलींत गेला, काही लायन गेटसमोरच्या स्मारकात. मोटारसायकलची जाहिरात धूमधडाक्यात झाली. पाहायला सी हॉक आणि हॅरिअर हवं असेल, तर गोव्याला, दाबोळीजवळच्या नौदलाच्या हवाई संग्रहालयात जावं. हॅरिअर २०१६ मध्ये गेलं. ते उडवणारी ३०० नंबरची स्क्वाड्रन, व्हाइट टायगर्स, तिथेच हंसा तळावर मिग-२९के उडवू लागली.

तारेला हुक अडकवून थांबण्याची जुनी पद्धत परत आली आहे. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी नौदलासाठीचं तेजस विक्रमादित्यवर उतरवलं. भारतात घडवलेलं लढाऊ जेट विमानवाहू जहाजावर प्रथमच असं थांबलं. ताशी २४४ किलोमीटरवरून शून्यावर यायला अडीच सेकंद लागले आणि साधारण ९० मीटर. दादरच्या फलाटावर लोकलचे चार-साडेचार डबे मोजा, तेवढी जागा. लगेच दुसऱ्या दिवशी तेच विमान उंचावलेल्या टोकावरून उड्डाण करून गेलंसुद्धा.