थर्माकोलवर उजेडाची कात्री

थर्माकोलच्या तुकड्यावर ॲसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरचा थेंब टाकला, की तिथे झटकन खड्डा पडतो. थर्माकोल नाहीसे झाले असे वाटते, पण गेलेली असते ती फक्त आतली हवा. खाली उरलेला चिकट गोळा पॉलिस्टायरीनचाच असतो आणि त्याच्या लांबच लांब रेणुसाखळ्या शाबूत असतात.

या साखळ्या उजेडाने तोडता येतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये ते दाखवून दिले. त्यांनी वापरलेले फेरिक क्लोराइड काही दुर्मीळ नाही. सर्किट बोर्डावरचे तांबे कोरायला तेच लागते. त्यावर पांढरा प्रकाश पडला की क्लोरीनचा एक अणू सुटा होतो. हा अणू भलता आक्रमक. तो साखळीतला हायड्रोजन ओढून घेतो, मोकळ्या जागी ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि साखळी तिथेच तुटते. असे वारंवार घडत गेले, की बेंझोइक आम्ल हाती येते. सरबते आणि सॉस टिकवायला घालतात ते सोडियम बेंझोएट याच आम्लापासून बनते.

अडचणीही आहेत. त्या प्रयोगात उपयुक्त रसायनांचे प्रमाण जास्तीत जास्त २३ टक्क्यांपर्यंत गेले. शिवाय खरकट्याने माखलेला, सरमिसळ कचरा आधी निवडावा लागेल, तो खर्च वेगळाच. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आहे. उजेडाची ही कात्री कितीही धारदार झाली, तरी ती बंदी सैल करायचे कारण नाही.